तो लाल तारा नव्हताच: रात्रीच्या आकाशाचे फोटो आणि सेन्सरचा नॉइज

मृग नक्षत्राचे मी काढलेले अगदी सुरुवातीचे फोटो अजून जपून ठेवलेत. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा, १६ मिलिमीटरची लेन्स, २० सेकंदांचं एक्स्पोजर. त्यातल्या एका फोटोत पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या जरा खाली एक लालभडक ठिपका होता. मृगातला काक्षी तारा लाल दिसतो हे ठाऊक होतं, पण तो तर वर खांद्याशी. मग हा कोण? मी तारकानकाशे उघडून तासभर शोधत बसलो. शेवटी लागोपाठचे दोन फोटो एकाच जागी मोठे करून आलटूनपालटून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या फोटोत सगळे तारे सहा-सात पिक्सेल सरकले होते. लाल महाशय मात्र त्याच रांगेत, त्याच जागी ढिम्म. आकाश फिरतं तसा तो फिरत नव्हता, म्हणजे तो आकाशातला नव्हता. कॅमेऱ्यातला होता.

नॉइज म्हणजे फोटोतली नकोशी खरखर. नवख्यांची त्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा 'फोटो रवाळ आला' एवढीच असते आणि त्यावर 'आयएसओ (कॅमेऱ्यात सिग्नल वाढवण्याचा आकडा) कमी कर' हा सल्ला मिळतो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो. नॉइज एका प्रकारचा नसतो. कुठला नॉइज कुठून येतोय ते कळलं की निम्मं काम झालं, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी ओळख, मग इलाज.

पहिली पायरी: झाकण लावून फोटो काढा

यासाठी आकाशही लागत नाही. लेन्सला झाकण लावा. डीएसएलआर असेल तर मागची डोळा लावायची खिडकीही झाका, लांब एक्स्पोजरमध्ये तिच्यातून प्रकाश आत झिरपतो. फाइल रॉ (सेन्सरने टिपलेले आकडे जसेच्या तसे) ठेवा, आयएसओ १६००. आता तीन फोटो काढा: पहिला कॅमेऱ्यात असेल तेवढ्या कमीत कमी वेळाचा, म्हणजे १/४००० सेकंद वगैरे, दुसरा आणि तिसरा प्रत्येकी ३० सेकंदांचा.

संगणकावर तिन्ही उघडा, ब्राइटनेस भरपूर वाढवा आणि शंभर टक्के आकाराला पाहा. पहिल्या फोटोत बारीक, सगळीकडे सारखी पसरलेली खरखर दिसेल. त्यात प्रकाश नाही आणि उष्णतेला वेळच मिळालेला नाही, त्यामुळे ती बहुतांशी सेन्सरवरचा आकडा वाचून घेतानाची गडबड असते. तिला रीड नॉइज म्हणतात. हल्लीच्या चांगल्या सेन्सरमध्ये मधल्या-वरच्या आयएसओला ती दर पिक्सेलमागे एक ते तीन इलेक्ट्रॉन इतकीच असते.

आता ३० सेकंदांचे दोन फोटो आलटूनपालटून पाहा. जे ठिपके दोन्हींत त्याच जागी आहेत, ते हॉट पिक्सेल. जे दर फोटोत जागा बदलतात, तो यादृच्छिक नॉइज. हा एक फरक नीट डोक्यात बसवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे: जागेवर बसलेला नॉइज वजा करता येतो, जागा बदलणारा फक्त सरासरीने दबतो.

हॉट पिक्सेल ओळखायची आणखी एक खूण आहे. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. म्हणून बिघडलेला पिक्सेल एकदम भडक, एकाच रंगात दिसतो, आणि रंग भरण्याच्या गणितामुळे त्याच्याभोवती बारीकशी फुली उमटते. खऱ्या ताऱ्याचा प्रकाश सहसा तीन-चार पिक्सेलवर तरी पसरतो आणि कडेला मऊ होत जातो. काही सॉफ्टवेअर रॉ फाइल उघडतानाच हॉट पिक्सेल गुपचूप पुसतात. तुम्हाला एकही दिसला नाही, तर तुमचा सेन्सर सोन्याचा आहे असं लगेच समजू नका.

एखाद्या कोपऱ्यातून किंवा कडेने जांभळट उजेड आत आल्यासारखा दिसला, तर तो अँप ग्लो. सेन्सरच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सचा तो प्रताप. जुन्या कॅमेऱ्यांत जास्त दिसतो, आणि जागेवरच बसणारा असल्याने वजा होतो.

खरा गुन्हेगार: प्रकाशाची टंचाई

झाकण काढून आकाशाकडे कॅमेरा रोखला की तिसरा नॉइज येतो आणि बहुतेक फोटोंत तोच सगळ्यांत मोठा असतो. गंमत म्हणजे त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही.

पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा अंगणातल्या फरशांकडे पाहा. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, तरी फरशा सारख्या भिजत नाहीत. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पिक्सेलवर असेच पडतात. त्याचा हिशेब सोपा आहे: जितके फोटॉन, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. सरासरी १०० फोटॉन पडले तर कमी-जास्त १०, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर कमी-जास्त १००, म्हणजे फक्त १ टक्का. दिवसा फोटो स्वच्छ येतात ते यामुळे, आणि रात्री आकाशगंगेचा फिकट पट्टा रवाळ येतो तोही यामुळेच.

हाच हिशेब प्रकाशप्रदूषणालाही लावून पाहा. समजा, काळ्याकुट्ट जागी एका पिक्सेलवर आकाशाच्या पार्श्वभूमीचे १०० फोटॉन येतात आणि तेजोमेघाचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या फिकट ढगाचे, ३०. एकूण १३०, चढउतार सुमारे ११. तेजोमेघ त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, म्हणजे दिसेल. आता तोच तेजोमेघ उजळलेल्या आकाशात, जिथे पार्श्वभूमीचेच ९०० फोटॉन आहेत. एकूण ९३०, चढउतार ३० च्या वर. तेजोमेघही ३०. गेला खरखरीत! पार्श्वभूमीचा उजेड नंतर संगणकावर वजा करता येतो, पण त्याने सोबत आणलेला चढउतार वजा होत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर नवा कॅमेरा घेण्याआधी अंधारी जागा शोधा आणि अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. चंद्रप्रकाशही शेवटी पार्श्वभूमीच वाढवतो.

दुसरी पायरी: लेन्स उघडा आणि आयएसओवरचा राग सोडा

सेन्सरवर प्रकाश किती पडतो हे तीनच गोष्टी ठरवतात: आकाश, लेन्सचं तोंड आणि वेळ. आयएसओ त्यात नाही. आयएसओ म्हणजे प्रकाश गोळा झाल्यानंतर सिग्नल किती वाढवायचा, एवढंच. आवाज वाढवल्यावर रेडिओची खरखर जास्त ऐकू येते, म्हणून खरखर बटणाने केली असं आपण म्हणत नाही.

पटत नसेल तर करून पाहा. लेन्सचं तोंड एफ/२.८ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं) आणि वेळ २० सेकंद कायम ठेवून आयएसओ ४००, १६०० आणि ६४०० वर एकेक रॉ फोटो काढा. मग ४०० चा फोटो संगणकावर चार स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) उजळवून ६४०० च्या बरोबरीला आणा. तुमच्या कॅमेऱ्यानुसार ४०० वाला एकतर तेवढाच रवाळ निघेल किंवा त्याहून वाईट, वर सावल्यांत पट्टेही दिसू शकतील. कारण बऱ्याच सेन्सरमध्ये रीड नॉइज कमी आयएसओला जास्त असतो आणि आयएसओ वाढवला की खाली येतो. एका टप्प्यानंतर मात्र वाढवून काही फायदा उरत नाही, उलट ठळक तारे पांढरेफटक होऊन त्यांचा रंग जातो. काक्षीचा नारिंगी आणि मृगातल्याच राजन्य ताऱ्याचा निळसर रंग हवा असेल तर ६४०० ला जायचं कारण नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत १६०० किंवा ३२०० ने सुरुवात करावी.

लेन्सचं तोंड होईल तेवढं उघडं ठेवा. एफ/४ वरून एफ/२.८ ला आलात की प्रकाश दुप्पट. कोपऱ्यातले तारे पाखरासारखे पंख पसरू लागले, तर अर्धा स्टॉप मागे या. ही तडजोड प्रत्येक लेन्सची वेगळी.

फाइल रॉच हवी. १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. अंधाऱ्या आकाशाच्या वाट्याला जेपेगमधल्या जेमतेम काही पायऱ्या येतात, आणि त्या ताणल्या की पट्टे पडतात.

तिसरी पायरी: वेळ ठरवा

प्रकाश हवा तर वेळ वाढवा, पण पृथ्वी थांबत नाही. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक विकला). जुना अंगठेनियम असा: ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरांनी) भागा, पण ते फुलफ्रेमच्या, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने धरा. माझी १६ मिलिमीटरची लेन्स क्रॉप सेन्सरवर २४ मिलिमीटरसारखी वागते, म्हणून ५०० भागिले २४, साधारण २० सेकंद.

हा नियम फार उदार आहे. माझ्या कॅमेऱ्यात पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा आहे. १६ मिलिमीटरला एक पिक्सेल साधारण ५१ विकला व्यापतो. २० सेकंदांत आकाश ३०० विकला सरकतं, म्हणजे तारा जवळजवळ सहा पिक्सेल लांब होतो. फोनवर कोणाच्या लक्षातही येणार नाही, मोठ्या प्रिंटवर येईल. मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे रेघ सगळ्यांत लांब पडते, ध्रुवताऱ्याजवळ खूपच कमी. मी हल्ली ५०० च्या जागी ३०० धरतो आणि उरलेला प्रकाश जास्त फ्रेम काढून भरून काढतो. ते पुढे येईल.

एक्स्पोजर पुरेसं आहे का, हे कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठरवू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो पडदा सूर्यासारखा दिसतो आणि तुम्ही कमी उजळ फोटो घेऊन घरी येता. हिस्टोग्राम पाहा, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत हे दाखवणारा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं). आकाशाचा डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला आणि साधारण पाव अंतरावर असेल तर ठीक. इथे रीड नॉइज आकाशाच्या नॉइजखाली दबलेला असतो आणि आपल्याला तेच हवं असतं.

उष्णता

सेन्सर नुसता चालू असला तरी उष्णतेमुळे पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन जमत राहतात, प्रकाश असो वा नसो. याला डार्क करंट म्हणतात. ढोबळमानाने दर ६ अंश सेल्सियसला तो दुप्पट होतो. म्हणजे सेन्सर ३० अंशांवरून १८ अंशांवर आला की चौथाई. खास खगोलछायाचित्रणाचे कॅमेरे विजेवर थंड ठेवतात ते यासाठीच. हबल दुर्बिणीच्या वाइड फिल्ड कॅमेरा ३ मधला दृश्य प्रकाशाचा सेन्सर तर उणे ८३ अंशांवर चालतो, आणि तिथेही हॉट पिक्सेल सुटत नाहीत.

आपल्या हातात काय आहे? कॅमेरा सुरू करण्याआधी अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा. फोकस झाला की लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर सतत दिसणारं चित्र) बंद. पडदा उघडणारा असेल तर अंगापासून दूर वळवून ठेवा. दर फोटोनंतर तो आपोआप दाखवण्याची सोय बंद करा. लागोपाठ काढलेल्या फोटोंत चाळिसावा पहिल्यापेक्षा जास्त तापलेला असतो, म्हणून मधे दोन-तीन सेकंदांची उसंत द्या. वेगळं काही लागत नाही. कॅमेऱ्याला बर्फाच्या पिशव्या बांधणारे पाहिलेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका, सेन्सरपाशी दव धरलं की सगळं मुसळ केरात.

मेनूतला तो एक पर्याय

'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू असेल तर कॅमेरा २० सेकंदांचा फोटो घेतो, मग शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतो आणि तो पहिल्यातून वजा करतो. हॉट पिक्सेल जातात. एक-दोनच फोटो काढायचे असतील तर जरूर वापरा.

पण निम्मी रात्र काळे फोटो काढण्यात जाते. शिवाय एका काळ्या फोटोतही स्वतःचा यादृच्छिक नॉइज असतो, तो वजाबाकीत मिसळतो आणि रीड नॉइज सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. ताऱ्यांच्या फेऱ्यांचा फोटो घ्यायला मी एकदा रात्रभर कॅमेरा लावला आणि हा पर्याय बंद करायला विसरलो. सकाळी प्रत्येक ताऱ्याची रेघ तुटक-तुटक, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखी. चूक सर्वस्वी माझी.

'हाय आयएसओ नॉइज रिडक्शन' हा वेगळा पर्याय. तो मुख्यतः जेपेगवर काम करतो आणि बारीक तारे पुसतो. बंद.

चौथी पायरी: पुष्कळ फ्रेम, एक फोटो

इथे खरी मजा आहे. एकाच जागेचे अनेक फोटो घेऊन तारे जुळवले आणि सरासरी काढली, तर यादृच्छिक नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. ९ फ्रेम, नॉइज एक तृतीयांश. १६ फ्रेम, चौथाई. त्याच्याही निम्मा करायचा तर ६४ लागतात, म्हणजे चौपट कष्ट. सुरुवातीला १६ ते २० पुरे. मोठेही हेच करतात: हबलचं ते प्रसिद्ध डीप फिल्ड छायाचित्र डिसेंबर १९९५ मध्ये १० दिवसांत घेतलेल्या ३४२ एक्स्पोजरांतून जुळवलेलं आहे.

कॅमेऱ्यातला इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारी सोय) किंवा रिमोट लावा, १२ सेकंदांच्या २० फ्रेम घ्या. मध्येच विमान किंवा उपग्रह गेला तरी फोटो फेकू नका, सॉफ्टवेअरमध्ये 'सिग्मा क्लिपिंग' निवडलं की एकाच फ्रेममध्ये आलेली रेघ गळून जाते.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ट्रायपॉड स्थिर, आकाश सरकतंय. सॉफ्टवेअर तारे एकावर एक आणतं, तेव्हा हॉट पिक्सेल त्याच अंतराने उलट दिशेला सरकतात आणि फोटोत सगळीकडे तिरक्या ठिपक्यांच्या रांगा उमटतात, कोणीतरी टाके घातल्यासारख्या. उपाय दोन. दर पाच-सहा फ्रेमनंतर कॅमेरा अगदी किंचित, वेगवेगळ्या दिशेला हलवा. याला डिथरिंग म्हणतात. आणि दुसरा उपाय म्हणजे डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून काढलेले काळे फोटो.

पाचवी पायरी: डार्क

आकाशाचे फोटो झाले की आवरायची घाई करू नका. झाकण लावा आणि तोच आयएसओ, तोच वेळ, तसंच तापमान ठेवून २० काळे फोटो घ्या. ट्रायपॉड घडी करताना, सामान भरताना ते होऊन जातात. वीसांची सरासरी वजा केली की त्यांच्यामुळे वाढणारा नॉइज जेमतेम अडीच टक्के. मेनूतल्या पर्यायाच्या ४१ टक्क्यांशी तुलना करा.

'तसंच तापमान' हे शब्द मी अनुभवातून लिहितोय. एकदा थंड रात्रीचे फोटो घेऊन डार्क दुसऱ्या दिवशी दुपारी घरात काढले. घरात सेन्सर जास्त तापलेला, त्यामुळे प्रत्येक हॉट पिक्सेलमधून होता त्यापेक्षा जास्त वजा झालं आणि फोटोभर टाचणीने भोसकल्यासारखे काळे खड्डे पडले.

संगणकावर

जुळवायला सिरिल विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. विंडोजवर डीपस्कायस्टॅकर आहे. जमिनीचा भाग स्थिर ठेवून फक्त आकाश जुळवायचं असेल तर सिक्वेटर सोयीचं, नवख्याने त्यानेच सुरुवात करावी. आकाशाच्या फ्रेम एका रकान्यात, डार्क दुसऱ्यात, इतकं सरळ.

त्यानंतर उरलेला नॉइज एआयवाल्या साधनांनी घालवायचा मोह होतो. थोडा वापरा, हात आखडता ठेवून. ही साधनं अंधुक ताऱ्याला नॉइज समजून खातात, नाहीतर नॉइजलाच तारा समजून त्याला टोकदार करतात. वापरल्यानंतर मूळ फोटो शेजारी ठेवून पाहा, नव्याने जन्मलेले तारे सापडतील. आणि शंभर टक्के आकाराला नाक लावून बसू नका. चार पिक्सेलचा एक करून फोटो निम्म्या लांबी-रुंदीचा केला तरी नॉइज निम्म्यावर येतो, आणि पडद्यावर पाहायला २४ मेगापिक्सेलचे ६ झाले तरी काही बिघडत नाही.

डार्क मात्र पुसू नका. मी फोल्डरला नावच तसं देतो: '१६०० – १२ सेकंद – १८ अंश'. तशीच रात्र पुन्हा आली की ते पुन्हा कामाला येतात. वर्ष झालं की नवे काढतो, कारण सेन्सरवर हळूहळू नवे हॉट पिक्सेल येत राहतात. मृगाच्या पट्ट्याखालचा तो लाल ठिपका प्रत्येक फोल्डरमध्ये आहे. गेल्या वेळी त्याच्या शेजारी एक हिरवाही आला होता.